तापलेल्या पत्र्याचं बिल

पिंपरी-चाकणच्या उद्योजकांच्या बैठकीत हवामानबदलाचा विषय निघाला की कुणीतरी एक गृहस्थ हमखास उठतात आणि म्हणतात, “अहो, तो विषय युरोपचा. आमचे प्रश्न तीन. ट्रॅफिक, ड्रेनेज आणि लाइट.” टाळ्या पडतात, आणि त्या काही उगाच पडत नाहीत. खंडन करायचं तर समोरच्याचा पडका मुद्दा धरून ते करण्यात पुरुषार्थ नाही, म्हणून या गृहस्थांची बाजू आधी पुरती मांडू.

पुनावळ्याकडे बघा. १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलेलं हे गाव पवना नदी आणि मुंबई-बंगळूर महामार्ग यांच्या बेचक्यात आहे. एका बाजूला हिंजवडी, दुसरीकडे रावेत-चिंचवड, आणि पलीकडे नोकरीसाठी रोज गाठायचं चाकण. उसाच्या आणि ज्वारीच्या शेतांवर पंधरा-वीस वर्षांत टॉवर उभे राहिले. रस्ते मात्र बैलगाडीच्या मापाचेच राहिले. महामार्गाखालच्या अंडरपासमध्ये तासभर पाऊस झाला तरी पाणी साचतं आणि शिफ्टला निघालेल्या कंपनीच्या बसगाड्या त्याच पाण्यात धुरळा खात, म्हणजे खरं तर चिखल खात, उभ्या राहतात. यात हवामानाचा काय दोष? ७ जून २०२५ ला हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये रस्त्यांचे ओढे झाले ते मुख्यतः ओढ्यांचे रस्ते आणि इमारती केल्यामुळे. शहराला नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी मिळतं. २०१९ हे पवना धरण काठोकाठ भरल्याचं वर्ष, म्हणजे तुटवडा आभाळातला नव्हता, तो शुद्धीकरणाच्या क्षमतेतला आणि वाटपातला होता. टॉवरना टँकर लागतात त्याचं कारणही बांधकाम परवाने नळाच्या पुढे पळाले, हेच.

याहून पुढे जाऊन मी म्हणेन की हवामानबदल हा शब्द अधिकाऱ्यांना फारच सोयीचा झाला आहे. नाला बुजवून परवानगी द्यायची आणि पाणी तुंबलं की ‘विक्रमी पाऊस’ असं निवेदन काढायचं. आभाळावर दावा लावता येत नाही, त्यामुळे फाइल बंद. गृहस्थांचा संताप इथपर्यंत शंभर टक्के बरोबर आहे.

चूक सुरू होते ती त्यांच्या ‘म्हणून’पासून. ड्रेनेज वाईट आहे, म्हणून हवामानाचा संबंध नाही, असं ते म्हणतात. पण गटाराचा पाइप किती इंची घालायचा हे कशावरून ठरतं? तासाला किती पाऊस पडेल या अंदाजावरून. तो अंदाज जुन्या नोंदींचा आहे. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं, हे पदार्थविज्ञान आहे, त्यात युरोप-आशिया असा भेद नाही. पुनावळ्यापासून फार लांब नसलेल्या पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या प्रदेशावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. २५ जुलै २०२४ च्या नोंदीत ताम्हिणीत चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर आणि लवासाला ४५३ मिलिमीटर पाऊस आहे. बुजलेला नाला आणि वाढलेला पाऊस हे एकमेकांचे पर्याय नाहीत, त्यांचा गुणाकार होतो. ड्रेनेजबद्दल ज्याला खरी तळमळ आहे त्याने तर पावसाचे नवे आकडे सगळ्यांत आधी मागायला हवेत. नाहीतर उद्या कोट्यवधी खर्चून नवा नाला बांधतील, तोही कालच्या पावसाच्या मापाचा.

आणि कालचा पाऊस तरी कोणता धरायचा? २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. पुढच्या जुलैत पूर. २०२५ साली मोसमी पाऊस २६ मे रोजी मुंबईत दाखल झाला, एरवीची तारीख ११ जून. दहा-पंधरा दिवसांनी काय बिघडतं, असं शेतकरी विचारणार नाही. कारखानदारानेही विचारू नये. शेडचे पत्रे बदलणं, गळती काढणं, केबलचे चर बुजवणं, ट्रान्सफॉर्मरचं तेल तपासणं ही सगळी कामं या पट्ट्यात मे महिन्यावर टाकलेली असतात. मेच पावसात गेला तर उघड्या शेडखाली मशीन भिजतं, आणि ताज्या घासलेल्या पोलादी भागांवर दमट हवेत एका रात्रीत तांबूस गंज चढतो. तेल लावा, गंजरोधक पिशवीत घाला, तरी काही पेट्या परत येतातच.

दुसरा आक्षेप पुणेरी आहे. “पुण्याची हवा कायमच चांगली. आणि उन्हाचं म्हणाल तर विक्रम १८९७ चा आहे, ४३.३ अंश. तेव्हा कुठे होत्या तुमच्या गाड्या?” नोंद खरी आहे, ३० एप्रिल १८९७ ची. पण वेधशाळेचा आकडा सावलीतला, हवेशीर पेटीतला असतो. त्या पेटीत कुणी आठ तास फोर्जिंगच्या भट्टीपुढे उभं राहत नाही. भोसरीच्या किंवा चाकणच्या एखाद्या लहान शेडमध्ये वर सिमेंटचा नाहीतर लोखंडी पत्रा, खाली कॉम्प्रेसर, शेजारी भट्टी, आणि पंखा फिरवतो तीही गरम हवाच. तिथलं तापमान वेधशाळेच्या आकड्याच्या कितीतरी वर असतं आणि त्याची नोंद कुठल्याही विक्रमात होत नाही.

माणसाचं राहू द्या, तुकड्याचं बघा. ड्रॉइंगवरची मापं २० अंश सेल्सिअसला धरलेली असतात, हा जगभरचा संकेत आहे. १०० मिलिमीटर व्यासाचा पोलादी भाग वीस अंश जास्त तापला तर साधारण २३ मायक्रॉनने फुगतो. अनेक बसवणुकींमध्ये एकूण सूटच ३५ मायक्रॉनची असते. गेजही तेवढाच तापलेला असेल तर चूक झाकली जाते. पण भाग मशीनवरून नुकताच उतरलेला आणि गेज थंड असेल तर शेडमध्ये पास झालेला माल कंपनीच्या एसी खोलीत नापास होतो. शिवाय सकाळी लावलेलं सीएनसीचं सेटिंग दुपारी स्पिंडल तापल्यावर सरकतं ते वेगळंच. ऑपरेटर दर तासाला ऑफसेट बदलत बसतो. मालक याला ‘ऑपरेटरचं लक्ष नाही’ म्हणतो, कंपनी ‘वेंडरची क्वालिटी नाही’ म्हणते. उन्हाचं नाव कुणीच घेत नाही. या पट्ट्यातला हवामानबदल बहुतेक वेळा असाच, दुसऱ्याच नावाने खात्यात जमा होतो.

माणसाकडे परत येऊ. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ मध्ये अंदाज मांडला होता की २०३० पर्यंत उष्णतेच्या ताणामुळे भारताचे ५.८ टक्के कामाचे तास बुडतील, ३ कोटी ४० लाख पूर्णवेळ नोकऱ्यांइतके. आकडा देशाचा आहे आणि त्यात शेती, बांधकाम मोठ्या वाट्याने आहे, हे मान्य. पण तास बुडतात म्हणजे कुणाचे, हा प्रश्न आकडा विचारत नाही. मोठ्या कंपनीच्या पेंट शॉपमध्ये तापमान राखलेलं असतं, कारण रंगाला ते लागतं. तिथे काम करणाऱ्यालाही त्याचा लाभ मिळतो, रंगाच्या कृपेने. तिसऱ्या फळीच्या वेंडरकडे पीस रेटवर काम करणाऱ्या मुलाला दुपारी भोवळ आली तर बुडलेले तास त्याचेच. नो वर्क, नो पे.

आता तिसरे गृहस्थ, सगळ्यांत सभ्य. हे आक्षेप घेत नाहीत, अहवाल दाखवतात. छतावर सौर पॅनेल, सांडपाण्याचा पुनर्वापर, अमुक सालापर्यंत नेट झिरो. सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना शाश्वततेचा असा अहवाल सक्तीचा केला, ते चांगलंच झालं. पण सौर पॅनेल कंपनीचा धूर कमी करतं, वेंडरच्या शेडमध्ये शिरलेलं पाणी बाहेर काढत नाही. एक काम उद्याच्या जगासाठी, दुसरं आजच्या पावसासाठी. पहिल्याचे फोटो छान येतात म्हणून दुसरं झाल्यासारखं मानायचं, ही या अहवालांची जुनी खोड आहे.

चाकणचा सगळा वाहन उद्योग ‘लागेल तेव्हाच माल’ या तत्त्वावर चालतो. गोदामात दिवसांचा नव्हे, तासांचा साठा असतो. २०११ च्या पुरात थायलंडमधले कारखाने बुडाले तेव्हा इलेक्ट्रॉनिक भाग अडकले आणि होंडाला उत्तर अमेरिकेतलं उत्पादन कापावं लागलं. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईच्या पुराने तिथल्या वाहन कंपन्यांना लाइन बंद ठेवायला लावली. आपल्याकडे तळवड्याहून निघालेला टेम्पो पाण्यात अडकला तर तेच लहान प्रमाणावर घडतं. फरक एवढाच की लाइन थांबल्याचा भुर्दंड कित्येक करारांत वेंडरच्या नावे डेबिट नोट होऊन येतो. वेंडरने विमा दाखवावा, तर तिथेही मेख आहे. १ एप्रिल २०२१ पासून पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही प्रमाण पॉलिसी आहे आणि तिच्यात पूर समाविष्ट आहे. पण ती भिजलेल्या मशीनचे पैसे देते. मशीन बंद असताना बुडालेल्या धंद्याचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं, आणि लहान माणूस ते सहसा घेत नाही.

करारांमध्ये आणखी एक कलम असतं, दैवी आपत्तीचं. त्यावर माझा खरा राग आहे. दर दोन-तीन वर्षांनी येणाऱ्या पुराला दैवी म्हणायचं? सरकारदरबारी पूररेषा आखलेल्या आहेत. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या रेषेच्या आत बांधलेले ३६ बंगले मे २०२५ मध्ये न्यायालयीन आदेशानुसार पाडले गेले. लोकांचे आयुष्यभराचे पैसे मातीत गेले, पण रेषा ही रेषा आहे हे न्यायव्यवस्थेने मानलं. मग खरेदी करारानेच का मानू नये? वेंडरची शेड कुठल्या रेषेत आहे हे कंपनीचा ऑडिटर पहिल्या भेटीत बघू शकतो. तो फाइव्ह-एस या टापटिपीच्या पद्धतीचे पिवळे पट्टे मोजतो, अग्निशामक नळकांड्याची तारीख वाचतो. जोत्याची उंची मात्र विचारत नाही.

‘युरोपचा विषय’ म्हणणाऱ्यांना जाता जाता एवढंच सांगतो की १ जानेवारी २०२६ पासून युरोपीय संघाचा सीमेवरचा कार्बन कर प्रत्यक्ष लागू झाला आणि त्याच्या यादीत पोलादाबरोबर साधे नट-बोल्टही आहेत. युरोपचा विषय बोल्टमधून भोसरीत आला आहे.

उरला तो शेवटचा आक्षेप, आणि तोच मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. “सगळं मान्य, पण परवडत नाही.” पत्र्यावर पांढरा परावर्तक रंग, छताखाली इन्सुलेशन, जोतं आणि पॅनेल बोर्ड उचलून घेणं, उन्हाळ्यात शिफ्ट पहाटे पाचला सुरू करणं. यात रॉकेटविज्ञान काही नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाचं कलम १३ आठवा. भिंती आणि छत अशा साहित्याचे असावेत की आतलं तापमान शक्य तितकं कमी राहील, असं त्यात लिहिलेलंच होतं. त्याच कायद्याने उन्हाळ्यात थंड पाणी बंधनकारक केलं, पण अडीचशेहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यांनाच. चाळीस माणसांच्या शेडला ते बंधन नव्हतं. जिथे पत्रा जास्त तापतो तिथेच कायदा थांबला.

तरी वेंडरचं म्हणणं खरं आहे. तीन-चार टक्क्यांच्या नफ्यावर, नव्वद दिवसांच्या उधारीवर चालणाऱ्या माणसाने हे एकट्याने का करावं? म्हणून माझा आग्रह अनुदानासाठी नाही, दरपत्रकासाठी आहे. पोलादाचा भाव हलला की वाहन कंपन्या आणि वेंडर ठरावीक काळाने बसून भागांचे दर नव्याने ठरवतात. कुणी त्याला दानधर्म म्हणत नाही. कच्च्या मालाची किंमत वेंडरच्या हातात नाही हे दोन्ही बाजूंना मान्य आहे, म्हणून ती पद्धत रुळली. उन्हाळा आणि पाऊस तरी वेंडरच्या हातात कुठे आहेत? भागाच्या किमतीच्या तक्त्यात साहित्य, मशीन-तास, मजुरी, पॅकिंग, वाहतूक असे रकाने आधीच आहेत. त्यात एक रकाना वाढवा. शेडचं छत आणि जोतं यांवरचा खर्च पाच वर्षांत वाटून घेऊन, आणि वेधशाळेने उष्णतेची लाट किंवा रेड अलर्ट जाहीर केलेल्या दिवसांत डेबिट नोट नाही आणि कामगाराची हजेरीही कापायची नाही, अशा दोन अटींसह.

खरेदी विभाग म्हणेल, गाडी महागेल. महागेल, काही रुपयांनी. सध्या तेच रुपये रिवर्कमध्ये, परत आलेल्या पेट्यांमध्ये, एप्रिल उजाडताच काम सोडून गावी जाणाऱ्या पोरांच्या जागी नवी पोरं शिकवण्यात, पुनावळ्याच्या अंडरपासमध्ये अडकलेल्या शिफ्टच्या ओव्हरटाइममध्ये जातात. फक्त त्यांचा रकाना नाही, त्यामुळे वाटाघाटीच्या टेबलावर त्यांच्यावर घासाघीस करायची संधीही कुणाला मिळत नाही.