बास्केटसोबत बायोडेटा पण!

कुरुंद्यात संध्याकाळी फिरायला जायची ठिकाणं तशी मोजकीच. बसस्टँड, चहाची टपरी, आणि फारच उत्साह असला तर टोकाईचा गड. सध्या या यादीत एका किराणा दुकानाची भर पडलीये. हो, किराणा दुकानाचीच! गावात नव्यानं सुरू झालेलं, आत शिरून आपल्या हातानं सामान घ्यायचं, बास्केटमध्ये टाकायचं आणि शेवटी काउंटरवर बिल करायचं असं दुकान. पुण्या-मुंबईची मंडळी म्हणतील, यात काय एवढं? त्यांना म्हणू द्या. आम्हाला मजा येते, आणि ती लपवायचं काही कारण नाही.

मजा कसली? तर कुणी घाई करत नाही याची. आपल्या जुन्या दुकानात फळीच्या अलीकडे आपण आणि पलीकडे सामान. मागे चार गिऱ्हाइकं उभी. "लवकर सांगा मावशी" म्हटलं की मावशी जे आठवेल ते घेऊन घरी येते आणि जिरं राहून जातं. इथं तीच मावशी तूरडाळीची दोन पाकिटं हातात धरून भाव बघते, तारीख बघते, नातवाला वाचायला लावते. कॉलेजच्या मुलींना तर विचारूच नका. सॅनिटरी पॅड मागताना दुकानात पुरुषमाणूस नाही ना, हे आधी बघायचं, मग हळूच सांगायचं, मग ते कागदात गुंडाळून मिळायचं. आता ते बाकीच्या सामानासारखंच शेल्फवर असतं. उचलायचं, बास्केटमध्ये टाकायचं, विषय संपला. एवढ्याशा गोष्टीनं किती मोकळं वाटतं, हे तिलाच ठाऊक.

तसं बघितलं तर ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी. अमेरिकेत मेम्फिस शहरात १९१६ साली 'पिगली विगली' नावाचं दुकान निघालं. गिऱ्हाइकानं स्वतः सामान घ्यायचं ही पद्धत तिथून रुजली. आपल्याकडे मुंबईत नायगावला १९४८ मध्ये 'अपना बाजार'ची सुरुवात झाली आणि सहकारी तत्त्वावर रास्त भावात किराणा मिळू लागला. डी-मार्टचं पहिलं दुकान २००२ मध्ये पवईत आलं. पवईहून कुरुंद्यापर्यंत नुसती ही पद्धत पोचायलाही इतकी वर्षं लागली.

जुन्या दुकानदारांवर मात्र फुली मारू नका. सोयाबीन निघेपर्यंत, हळद विकेपर्यंत उधारीच्या वहीवर अख्खं घर चालवणारी तीच माणसं. जुलै २०२२ मध्ये पुराचं पाणी गावात, घराघरांत शिरलं होतं, हे आपण विसरलेलो नाही. अशा वेळी बारकोडच्या मशीनला तुमचं तोंड ओळखीचं नसतं, वहीवाल्या काकांना असतं. दोन्ही दुकानं चालावीत. पण आज मला वेगळ्याच गोष्टीबद्दल बोलायचंय. आपण बास्केट घेऊन काउंटरवर उभे राहतो, तेव्हा पलीकडे कोण असतं?

काउंटरच्या पलीकडे

पलीकडे आपलाच वर्गमित्र असतो. कधी आपल्यापेक्षा दोन वर्षं पुढे असलेली, पदवी झालेली ताई असते. आणि तिला कुणी विचारलं, "काय करायलीस सध्या?" तर ती आवाज बारीक करून म्हणते, "काही नाही, दुकानात आहे." याच प्रश्नावर दुसरा मुलगा छाती काढून सांगतो, "भरतीची तयारी चालूये." एकजण रोज आठ-दहा तास काम करतोय आणि म्हणतो 'काही नाही', दुसऱ्याच्या हातात अजून काहीच नाही आणि तो 'काहीतरी' करतोय. हे उलटं गणित आपणच मांडलंय.

तयारी करू नका असं मी अजिबात म्हणत नाही. पण आकडे तर बघा. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज आले १० लाखांच्या वर. म्हणजे एका जागेमागे दोनशेहून जास्त. अर्जाची फी १,००० रुपये, राखीव प्रवर्गाला ९००. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांसाठी अर्ज १७ लाखांच्या आसपास, म्हणजे एका जागेमागे साधारण शंभर. ज्यांचं होतं त्यांचं कौतुकच. गावात मिरवणूक निघते, बॅनर लागतो. पण बाकीच्या नव्व्याण्णवांचं काय? चार-पाच वर्षं अभ्यासिकेत गेली, वय वाढलं, आणि बायोडेटात पदवीच्या खाली कोरा कागद. मग खासगी नोकरीच्या मुलाखतीत पहिलाच प्रश्न येतो, "इतके दिवस काय केलं?"

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. नोकरीच्या तयारीची मदत जिल्ह्याच्या रोजगार मेळाव्यात किंवा शहरातल्या महागड्या क्लासमध्येच मिळते, असं नाही. आपण रोज साखर-चहापत्ती आणायला जातो तिथंही ती मिळू शकते. फक्त दुकानात काम करणाऱ्यानं, दुकान चालवणाऱ्यानं आणि आपण त्या कामाकडे तसं बघायला पाहिजे.

गल्ल्यावरचा अभ्यासक्रम

एक साधा प्रश्न घ्या. सुट्या तूरडाळीवर जीएसटी किती? शून्य. तीच डाळ २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या पाकिटात आली की ५ टक्के. १८ जुलै २०२२ पासून हा नियम आहे. बीकॉमच्या कितीतरी मुलांना हे पुस्तकात वाचूनही लक्षात राहत नाही. बिल करणाऱ्या पोरीला ते तोंडपाठ असतं, कारण गिऱ्हाईक तिच्याशी भांडतं.

ज्याची मुदत आधी संपते तो माल पुढे लावायचा, नवा मागे. कंपन्यांच्या गोदामात याच पद्धतीला इंग्रजी नाव आहे आणि त्यावर ट्रेनिंग होतं. पाकिटावरच्या एमआरपीपेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही, हा कायदा. रात्री गल्ला आणि बिलं जुळवायची, पन्नास रुपये कमी आले तर कुठं चुकलं ते शोधायचं, हा हिशेब. सणाच्या आधी गूळ, रवा, तेल किती मागवायचं, हा अंदाज. आणि "परवा दिलेलं तेल खराब निघालं" म्हणत तावातावानं आलेल्या मामांना शांत करून परत पाठवायचं, याला तर शहरातले लोक फी भरून 'कम्युनिकेशन स्किल' म्हणून शिकतात.

मग बायोडेटात काय लिहायचं? "मेहनती, प्रामाणिक, टीममध्ये काम करण्याची आवड" हे सगळेच लिहितात. ते कुणी वाचत नाही. त्याऐवजी लिहा: 'आठ महिने बिलिंग सांभाळलं. रोज रात्री रोकड आणि यूपीआयचा ताळमेळ घातला. किराणा विभागाचा साठा तपासून मागणीची यादी तयार केली.' तीनच ओळी, पण त्यावर मुलाखतीत दहा प्रश्न येतील आणि दहाची उत्तरं तुमच्याकडे असतील. कारण ते तुम्ही केलेलं असेल.

मुलाखतीत दुसरा हमखास येणारा प्रश्न म्हणजे, "तुमच्या जिल्ह्याबद्दल सांगा." आपण पाठ करतो: हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला, १ मे १९९९. बरोबर आहे. पण एकदा मसाल्यांच्या शेल्फसमोर उभे राहा. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालंय. हळद आपल्या शेतात पिकते, आपल्या दारात वाळते. आणि शेल्फवरच्या पुडीच्या मागे पत्ता कुठला असतो, तो उलटून वाचा. आपल्या तालुक्यातल्या किती पुड्या दिसतात ते मोजा. हे निरीक्षण मुलाखतीत सांगितलं तर समोरचा माणूस मान वर करून बघेल. आणि त्यातून कुणाला स्वतःच पुडी भरून विकायची बुद्धी झाली, तर नोकरी शोधणारा एक कमी आणि देणारा एक जास्त!

शिक्का नको, अनुभव हवा

आता कॉलेजकडे येऊ. नवीन शैक्षणिक धोरणात ओजेटी, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग आलंय. चार क्रेडिट, साधारण १२० तास. कल्पना उत्तम. प्रत्यक्षात काय होतं ते आपल्याला सगळ्यांना माहितीये. ओळखीच्या माणसाचा शिक्का, लेटरहेड, सही, आणि एकही दिवस न जाता १२० तास पूर्ण! मार्क मिळतात, येत काहीच नाही. गावाकडच्या मुलांची अडचणही खरी आहे. 'कंपनीत जा' म्हणता, इथं कंपनी कुठंय? मग कॉलेजनं किराणा दुकानालाच ओजेटीची जागा म्हणून मान्यता द्यावी. कॉमर्सच्या मुलानं साठा आणि जीएसटी बघावा, बीएच्या मुलीनं गिऱ्हाइकांचा सर्व्हे करावा, कॉम्प्युटरवाल्यानं बिलिंग सॉफ्टवेअर समजून घ्यावं. सरांनी महिन्यातून एकदा येऊन बघावं. खोट्या शिक्क्यापेक्षा खरी धूळ पुसलेली बरी.

यात मुलींचा फायदा जास्त आहे. पुण्याला पाठवायला घरचे तयार होत नाहीत, हे वास्तव आहे. पण गावातल्या ओळखीच्या दुकानात, घरापासून पायी जाता येईल अशा ठिकाणी सहा महिने काम केलेली मुलगी पुढच्या वेळी "मला नांदेडला नोकरी मिळतेय" असं म्हणते, तेव्हा तिच्या हातात स्वतःचा पगार असतो आणि आवाजात जोर असतो. घरचेही जरा वेगळ्या कानांनी ऐकतात.

पण एक धोका आहे, तो स्पष्टच सांगते. 'शिकायला मिळतंय ना' म्हणून फुकट किंवा अर्ध्या पैशात राबवून घेणं ही मदत नव्हे. मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना २०२४ मध्ये आली. त्यात बारावीला महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविकेला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन ठरवलं गेलं. म्हणजे शिकणाऱ्यालाही पैसे द्यायचे असतात, हे सरकारनंच मान्य केलंय. किमान वेतन दुकानांनाही लागू आहे. कामाचे तास ठरलेले असावेत, आठवड्याला सुट्टी असावी, आणि काम सोडताना अनुभवाचं पत्र लिहून मिळावं. त्यात कोणतं काम केलं ते नीट लिहिलेलं असावं.

कुणी म्हणेल, एका दुकानात पाच-सहा जणांना काम मिळणार, बाकीच्यांचं काय? खरंय. म्हणून दुकानदार दादांना आणखी एक विनंती. काउंटरजवळ एक फळा लावा. त्यावर या आठवड्यातल्या जाहिराती, अर्जाची शेवटची तारीख, फी आणि लागणारी कागदपत्रं. लिहायला आम्ही येतो, खडू पण आमचाच. खाली ठळक अक्षरांत एक ओळ कायमची: 'नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणारा फसवतोय.' गावातलं प्रत्येक घर आठवड्यातून एकदा तरी दुकानात येतं. मेळाव्याचं पत्रक पोचत नाही तिथं हा फळा पोचेल. दुकानाचं नुकसान काहीच नाही, उलट फळा वाचायला आलेला माणूस बिस्किटाचा पुडा घेऊनच जाणार.

आणि जे नोकरीला लागलेत, दिवाळीला गावी येतात, त्यांनी एक संध्याकाळ द्यावी. चार पोरांना समोर बसवून खोटी-खोटी मुलाखत घ्यावी. "स्वतःबद्दल सांगा" एवढंच विचारलं तरी कुठं अडखळायला होतं ते कळेल. खऱ्या मुलाखतीत अडखळण्यापेक्षा आपल्या माणसांसमोर अडखळलेलं परवडतं.

तर दोस्तांनो, पुढच्या वेळी सामान घ्यायला गेलात की बिल होईपर्यंत मोबाईलमध्ये डोकं घालू नका. काउंटरवरच्या ताईला विचारा, कशाची तयारी करतेय ती. आणि दादांना विचारा, फळा कधी लावताय?