काचेचं अभ्यंगस्नान

खिडकीची काच पुसायला काय काय लागतं? माझ्या हिशोबाने एक बादली पाणी, जुन्या धोतराचं फडकं, कालचं वर्तमानपत्र आणि घरात आपलं ऐकणारं एक माणूस. यांपैकी पहिल्या तीन वस्तू आमच्याकडे केव्हाही मिळतात. चौथीची कायमची टंचाई असल्यामुळे काचा मीच पुसतो. त्या बऱ्यापैकी पुसल्या जातात असं माझं मत आहे. पण आमच्या सतरा नंबरवाल्यांच्या मते काचा पुसणं हा प्रकारच मागासलेला. काचा आता पुसायच्या नसतात, धुवायच्या असतात, आणि त्यासाठी ८५ हजार रुपयांचं एक यंत्र मिळतं.

सतरा नंबरवाले म्हणजे सतरा नंबरच्या प्लॉटचे मालक. शहापूरहून किन्हवलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची पंचवीस-तीस प्लॉटांची वस्ती आहे. इथे माणसांना नावं नाहीत, नंबर आहेत. मी नऊ नंबरवाला. नावं फक्त बंगल्यांना आहेत आणि निम्म्या नावांच्या शेवटी ‘व्ह्यू’ आहे. माहुलीचे सुळके दिसावेत म्हणून लोकांनी भिंतीएवढ्या काचा बसवल्या, मग ऊन लागतं म्हणून त्यांना जाड पडदे लावले, आणि आता पडद्यामागच्या त्या काचा स्वच्छ कशा ठेवायच्या ही चिंता सर्वांना लागली आहे.

सतरा नंबरवाल्यांनी हे यंत्र स्वतःच्या पैशाने घेतलं असतं तर मी अवाक्षर काढलं नसतं. माणसाने स्वतःच्या पैशाने हत्ती पाळावा, आपण जाऊन फोटो काढावा. पण त्यांना ते ‘सर्वांच्या सोयीसाठी’ घ्यायचंय, म्हणजे सर्वांच्या वर्गणीतून उरलेल्या शिलकीतून. येत्या सभेत ठराव आहे. तेव्हा बोललं पाहिजे.

यंत्र मी डोळ्यांनी बघितलंय. एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा लांबलचक दांडा, कार्बन फायबरचा, वजनाला अगदी हलका. टोकाला ब्रश, आणि ब्रशातून पाण्याच्या बारीक धारा. खाली दोन चाकांच्या गाड्यावर बॅटरीचा पंप आणि पाणी शुद्ध करायची नळकांडी, आधी आरओ आणि मग रेझिन. काचेवर जो डाग राहतो तो पाण्याचा नसतो, पाण्यातल्या क्षारांचा असतो. पाणी उडून जातं, क्षार मागे बसतात. तेव्हा पाण्यातले क्षारच काढून टाकले की काच नुसती धुवायची आणि सोडून द्यायची. फडकं नको, कागद नको. शास्त्र बिनचूक आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही.

हेही सांगून टाकतो की, ज्यांनी हा दांडा काढला ते काही रिकामटेकडे नव्हते. विलायतेत घरोघरच्या काचा पुसणारी माणसं शिडीवरून पडायची, हातपाय मोडून घ्यायची, काही जिवानिशी जायची. २००५ साली तिथे उंचीवरच्या कामाचे नियम आले. जे काम जमिनीवरून होण्यासारखं आहे ते जमिनीवरूनच करा, असं त्यांचं सांगणं. त्यानंतर या दांड्यांना बरकत आली. आपल्या मुंबईतही काचेच्या इमारतींवर दोराला लोंबकळून काम करणारी पोरं दिसली की माझ्या पोटात खड्डा पडतो. हा दांडा चार-पाच मजल्यांपर्यंत पोचतो. तेवढ्या मजल्यांपुरता जरी कुणाचा लोंबकळण्याचा प्रसंग टळत असेल, तर ८५ हजार काय, दीड लाखही स्वस्त. तिथे मी स्वतः अनुमोदन देईन.

पण आमच्याकडे उंची कसली? तळमजला, त्यावर एक माडी आणि त्यावर पाण्याची टाकी. माडीच्या खिडक्या ॲल्युमिनियमच्या, सरकत्या. सरकती काच जरा उचलली की खाचेतून अलगद बाहेर येते. ती खोलीत आणावी, पलंगावर आडवी ठेवावी आणि दोन्ही बाजूंनी पुसावी. या कामात पडण्याचा धोका आहे, नाही असं नाही, पण तो पलंगावर पडण्याचा. आणि ज्या काचा निघत नाहीत त्यांच्यासाठी लांब दांड्याचा रबरी वायपर शहापूरच्या बाजारात अडीचशे-तीनशे रुपयांना मिळतो. इटलीतून अमेरिकेत गेलेल्या एत्तोरे स्तेकोने नावाच्या काचा पुसणाऱ्याने १९३६ साली या रबरी पात्याचं पेटंट घेतलं. तेव्हापासून जगभर लोक तेच पातं ओढताहेत.

शिवाय आमच्या काचांवर बसतं काय, याचाही विचार हवा. विलायतेतली धूळ मी बघितलेली नाही, पण शहापूरची धूळ म्हणजे एक धूळ नव्हे. दिवाळी सरली की वीटभट्ट्या लागतात आणि लाल पूड यायला लागते. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला. त्याआधी काही वर्षं तालुक्यातले डोंगर फुटत होते, तेव्हा पांढरी पूड असायची. आणि उन्हाळ्यात राब. भाताच्या रोपासाठी शेतकरी जमिनीवर पालापाचोळा, शेण, गवत पसरून भाजतात. त्याची काजळी पाखरासारखी उडत येते आणि काचेवर बसते. ही काजळी चिकट. तिच्यावर पाणी मारलं की तिचं काजळ होतं आणि अख्खी खिडकी डोळे भरून काजळ घातलेल्या बाळासारखी दिसायला लागते. तिला आधी कोरडं फडकंच लागतं. म्हणजे ८५ हजारांच्या आधी धोतर आलंच!

ऑक्टोबरात, दिवाळीच्या साफसफाईचा मोका साधून, एक तरुण गृहस्थ ते यंत्र दाखवायला आले होते. सतरा नंबरच्या अंगणात सगळे जमलो. गृहस्थांच्या खिशात थर्मामीटरसारखं एक टीडीएस मीटर होतं. त्यांनी आमच्या बोअरच्या पाण्यात ते बुडवलं. ४१० आकडा आला. सगळ्यांनी ‘अरे बापरे’ म्हटलं. वास्तविक तेच पाणी पिऊन सगळे तिथवर चालत आले होते. मग यंत्रातलं पाणी मोजलं. शून्य! टाळ्या पडल्या. मी म्हटलं, ‘‘जरा आमच्या पिंपातलंही बघता का?’’ आमच्या छपराच्या पागोळ्यांचं पाणी मी पिंपात धरतो. महिनाभर पावसाने कौलं धुऊन काढली की मग पन्हळीखाली पिंप लावायचं, असा माझा नेम आहे. त्यात मीटर बुडवलं. १४!

‘‘म्हणजे यात तुमचं यंत्र काय वेगळं करतं?’’ मी विचारलं.

‘‘सर, आपलं शून्य आहे,’’ ते म्हणाले.

‘‘आणि आभाळाचं चौदा. या चौदाची किंमत ८५ हजार?’’

सतरा नंबरवाले म्हणाले, ‘‘नऊ नंबर, तुम्ही प्रत्येक गोष्टीत राजकारण आणता.’’

पावसाचं पाणी म्हणजे निसर्गाने ऊर्ध्वपातन करून पाठवलेलं पाणी. शहापूर-मुरबाडकडे ते वर्षाला सरासरी दोन-अडीच हजार मिलिमीटर पडतं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत सह्याद्री आमच्या काचांना असा काही धुतो की, त्या चार महिन्यांत ब्रश घेऊन बाहेर उभं राहणाऱ्याला लोक डॉक्टरकडे नेतील. उरलेल्या आठ महिन्यांसाठी दोन पिंपं भरून ठेवली की खिडक्या बिनडाग निघतात, हा माझा स्वतःचा अनुभव.

आता पैशाचा हिशोब. काचा मी पुसतो, पण समजा मी संपावर गेलो. पाड्यावरची दोन माणसं एका दिवसात आमच्या घरच्या बाराही खिडक्या आतून-बाहेरून लख्ख करतात. दोघांचे मिळून १,२०० रुपये. वर्षातून चारदा केलं, तर ४,८००. म्हणजे यंत्राच्या किमतीत माझ्या काचा सतरा वर्षं आणि वर आठ-नऊ महिने पुसून मिळतात. ही नुसती खरेदीची किंमत झाली. क्षारांच्या पाण्याने रेझिन लवकर थकतं, ते बदलायचं. बॅटरीही कधीतरी राम म्हणणार, ती बदलायची. आणि दांडा काही आपोआप चालत नाही, तो धरायला माणूस लागतोच. त्याचे ६०० वेगळे. कुणी म्हणेल, पंचवीस घरांत वाटून घेतलं की स्वस्त पडेल. पंचवीस घरांची एक शिडी आहे आमची. ती या क्षणी कुणाकडे आहे, हे जो सांगेल त्याला मी चहा पाजायला तयार आहे. आणि दिवाळीच्या आधीच्या रविवारी पंचवीस जणांना एकाच दिवशी यंत्र हवं असेल, त्या दिवशीची मारामारी सोडवायला मी जाणार नाही.

असं यंत्र विकत घेतलेला एक माणूस माझ्या माहितीत आहे. माझे साडूच. किन्हवली, सरळगाव करत त्यांच्याकडे जावं लागतं. मुरबाड तालुक्यात टोकावड्याच्या बाजूला त्यांनी घर बांधलंय. मागे माळशेजचे डोंगर, पुढे काचाच काचा. यंत्र त्यांनी तीनदा वापरलं. चौथ्या वेळी पाहिलं तर उंदरांनी पाइप कुरतडलेला. मग त्यांनी दांड्याच्या टोकाला ब्रशाच्या जागी झेला बांधला आणि आंबे उतरवायला घेतले. ‘‘काय हलका आहे साडूभाऊ, एका हाताने चालतो!’’ म्हणाले. मी वर पाहिलं. आंब्याच्या फांदीला लागून विजेची तार. कार्बन फायबरमधून वीज जाते, आणि तारांपासून लांब राहा ही सूचना अशा दांड्यांबरोबर असतेच. त्यांनी ती वाचली नव्हती. मी त्यांना दांडा खाली ठेवायला लावला आणि म्हटलं, ‘‘अहो, आपला वाळलेला बांबू घ्या, पण तोही तारेपासून लांबच धरा.’’ आता तो दांडा पडवीत आडवा टांगलेला असतो आणि त्यावर म्हशाच्या यात्रेतून आणलेली घोंगडी वाळत पडते. घोंगडी मात्र पैसा वसूल आहे.

इथवरचं सगळं हसण्यावारी नेता येईल. पुढचं मला नेता येत नाही.

आरओचं यंत्र एक लिटर शुद्ध पाणी देताना दोन-तीन लिटर पाणी बाजूला टाकतं. त्या दिवशी एक नळी गुपचूप गटाराकडे सोडलेली होती, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कुणाचंही तिकडे लक्ष नव्हतं. एका खिडकीला पाचेक लिटर धरलं तर बारा खिडक्यांना ६० लिटर. ते मिळवायला आणखी दीडशे गटारात. एका बंगल्याचे झाले २१० लिटर. टँकरच्या गावांना माणशी दिवसाला २० लिटर हे सरकारी माप आहे. दहा माणसांचा दिवस आपण काचेवर ओतणार, आणि तो दिवस मार्च ते मे मधला असणार, कारण धूळ तेव्हाच असते.

मुंबईला तानसा १८९२ पासून पाणी पाजतोय. तानसा शहापूर तालुक्यात. भातसा शहापूर तालुक्यात, आणि मुंबईच्या पाण्यातलं जवळपास निम्मं एकट्या भातसाचं. मुरबाडच्या कडेला बारवी, तिचं पाणी कल्याण-डोंबिवलीकडे. पुरुषभर उंचीचे जलवाहिन्यांचे नळ इथल्या शेतांशेजारून जातात. आणि त्याच शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो, विहिरीत रिकामा होतो, आणि बाया कठड्यावर ओणव्या उभ्या राहून गढूळ पाणी शेंदतात. पाऊस दांडगा, पण खाली काळा कातळ आणि उतार तीव्र. पडतं ते धावत खाली जातं, नाहीतर धरणात अडतं आणि नळाने जातं. आमच्या बोअरमधून येतं ते त्याच कातळाच्या फटींतलं, पलीकडच्या पाड्याच्या विहिरीच्या वाटणीचं. ते पाणी उपसून, पिण्याच्या पाण्यापेक्षाही शुद्ध करून, कुणी राहत नसलेल्या घराच्या काचेला अभ्यंगस्नान घालायचं आणि निम्म्याहून अधिक गटाराला नैवेद्य दाखवायचा, याला सतरा नंबरवाले ‘आधुनिक राहणी’ म्हणतात. मी त्याला दुसरा शब्द वापरतो, पण तो सभेच्या इतिवृत्तात लिहिता येणार नाही.

‘‘म्हणजे आम्ही काचा घाणच ठेवायच्या का?’’ असं ते विचारणार, हे मला ठाऊक आहे. मुळीच नाही. माझा वेगळा ठराव तयार आहे. आमच्या वस्तीला लागून एक प्राथमिक शाळा आहे. तिचं छप्पर साधारण १०० चौरस मीटर भरेल. दोन हजार मिलिमीटर पाऊस धरला तर त्या एका छपरावरून वर्षाला दोन लाख लिटर पाणी ओघळतं, म्हणजे थोडंफार वाया गेलं तरी दीड लाख कुठे जात नाही. शाळेला पन्हळी लावाव्यात, पाच-पाच हजार लिटरच्या दोन टाक्या ठेवाव्यात, पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडायची तोटी बसवावी. मी गवंड्याला आणि दुकानदाराला विचारून आलोय, शिलकीत बसतं. पोरांना पाणी होईल, बायांची एखादी खेप वाचेल, आणि दिवाळीत एखादी बादली सतरा नंबरवाल्यांच्या काचांसाठी उरली तर माझी हरकत नाही. चौदाचं पाणी आहे, डाग पडायचा नाही.

ठराव मी सुवाच्य अक्षरात लिहून फळ्यावर लावलाय. सूचक म्हणून माझा नंबर आहे. अनुमोदकाच्या जागी काल संध्याकाळपर्यंत कुणी सही केली नव्हती, पण बारा नंबरच्या वहिनी दोनदा फळ्यापाशी थांबून वाचून गेल्या.