कोर्टाबाहेरचा खटला कोण लढणार?

खटला दोन ठिकाणी चालतो : कोर्टात आणि बातम्यांत. दुसऱ्यासाठी बड्या लॉ फर्म व त्यांचे अशील जनसंपर्काची माणसे नेमतात. आरोप झाला की काही तासांत निवेदन तयार, पत्रकारांना फोन, बोलणारा एकच. बार कौन्सिलच्या नियम ३६ नुसार वकिलाला जाहिरातीची बंदी, म्हणून हे काम बहुधा पडद्यामागूनच होते.

आणि आमच्याकडे? २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. मोठ्या माध्यमांना जाग यायला आठवडे लागले. तोवर 'अनैतिक संबंधां'ची कुजबुज पसरली होती. २००८ मध्ये सत्र न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, पण अ‍ॅट्रॉसिटी कायदा लावला नाही.

बॅरिस्टर होण्याआधी, १९२० साली, बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला. आमची मुले एलएलबी करतात, ते हवेच. पण पत्रकारिता शिकलेल्यांनी हा पेशाही धरावा. पोट भरेल, कसबही हाती येईल. मात्र ते अत्याचार करणाऱ्याचे डाग धुण्यासाठी विकू नये.

घटना घडताच एफआयआरची प्रत, तारीखवार घटनाक्रम, पीडितेचे नाव झाकलेले निवेदन आणि ठरलेला एक प्रवक्ता, एवढे जमणारा एक माणूस प्रत्येक तालुक्यात आपण तयार करू.