बेटाची शोभा, पाण्याची उपेक्षा

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात देवगडचा राजा चाँद सुलतान याने नागपूरची तहान भागविण्यासाठी जुम्मा तलाव निर्माण केला. आजचा गांधीसागर तो हाच. पुढे कन्हान व पेंचचे पाणी नळाने घरोघरी आले आणि या तलावाकडे पाणीसाठा म्हणून पाहण्याची दृष्टीच लोपली. मधल्या बेटावर शिवमंदिर आणि उद्यान आहे. परंतु बेटाची शोभा भोवतीच्या पाण्यावरच अवलंबून असते. ज्या पाण्यात घागर बुडत नाही, त्याच्या शुद्धतेची चिंता कोणी वाहत नाही. जुलै २०१९ मध्ये पेंचचा साठा आटला, तेव्हा नागपूरला एक दिवसाआड पाणी मिळाले. तसा प्रसंग पुन्हा ओढवल्यास गांधीसागराचे पाणी निदान बागांना व बांधकामांना उपयोगी पडावे. त्यासाठी त्यात सांडपाण्याचा थेंबही जाता कामा नये.