ओसरीवरून : सणाची सुट्टी आणि मैदानाची गर्दी

सण जवळ आला म्हणजे आमच्या ओसरीवर दोन प्रकारचे बेत ऐकूं येतात. वडील मंडळी कोण केव्हां येणार, कोणत्या गाडीनें येणार व किती दिवस राहणार याचा हिशेब मांडतात. आणि मुलें त्याच दिवसांत कोणता सामना कोठें आहे याची यादी करतात. दोन्ही बेत एकाच सुट्टीच्या भरंवशावर केलेले असतात, आणि त्यांतील बहुधा एकच तडीस जातो. कोणता, तें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

गेल्या दिवाळींत दूरचित्रवाणीवर फुटबॉलचा सामना चालू असतां आमच्या धाकट्या नातवानें प्रेक्षकांच्या ओळींकडे बोट दाखविलें आणि विचारलें, "आजोबा, आज तर सगळ्यांना सुट्टी. मग इतक्या खुर्च्या रिकाम्या कशा ?" आमचीं पस्तीस वर्षें मुलांस प्रश्न विचारण्यांत गेलीं, उत्तरें देण्याची संवय त्या मानानें कमीच. "पुढें सांगूं" असें म्हणून आम्हीं त्या दिवशीं वेळ मारून नेली. तें राहिलेलें उत्तर आज या पानावर देत आहों.

मुलाच्या प्रश्नांत एक गृहीत आहे, आणि तें मोठ्यांच्याही मनांत असतें. सुट्टी म्हणजे रिकामा वेळ, आणि वेळ रिकामा असला म्हणजे मनुष्य करमणुकीकडे वळणारच, असें आपण धरून चालतों. संस्कृत भाषेनेंही या समजुतीस थोडा हातभार लाविला आहे. 'क्षण' या शब्दाला अमरकोशांत काळाचें एक माप, उत्सव आणि कामावांचूनची स्थिति असे अर्थ दिलेले आहेत. म्हणजे रिकामपण आणि उत्सव एकाच शब्दांत शेजारीं येऊन बसले. परंतु ज्या घरांत सणाला पंधरा पानें मांडावीं लागतात, त्या घरास विचारा. सणाच्या दिवशीं मनुष्य कचेरींतून सुटतो हें खरें. पण तो मोकळा होत नाहीं, तो घराच्या स्वाधीन होतो. त्याच्या वेळेवर पहिला हक्क घराचा, मग आप्तेष्टांचा, आणि उरल्यास मैदानाचा. ही गोष्ट ध्यानांत ठेविली म्हणजे सणासुदीच्या गर्दीचीं पुष्कळशीं कोडीं सुटतात.

प्रथम आमच्या दाराशींचेंच उदाहरण घेऊं. आमच्या मुळशी तालुक्याच्या वेशीवर म्हाळुंगे-बालेवाडीस श्रीशिवछत्रपति क्रीडानगरी आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठीं ती उभारली गेली. २००८ सालीं राष्ट्रकुलांतील युवकांच्या स्पर्धाही तेथें झाल्या. पुढें २०१४ सालीं इंडियन सुपर लीग ही स्पर्धा सुरू झाली व 'एफ. सी. पुणे सिटी' नांवाचा संघ तेथें खेळूं लागला. १९९८ सालीं जगज्जेत्या ठरलेल्या फ्रान्सच्या संघांतील त्रेझेगे हा पहिल्या वर्षीं आमच्या या वेशीवर खेळून गेला, हें आज सांगितलें तर गांवांतील कित्येकांस खरें वाटत नाहीं. पहिलीं तीन वर्षें ही स्पर्धा ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत भरत असे. अर्थात् दिवाळी दर वर्षीं तिच्या पोटांत सांपडे.

आतां पाहा, या मैदानाच्या आसपास राहतें कोण ? शेजारचें हिंजवडी हें आमच्याच तालुक्यांतील गांव. परंतु तेथील संगणकाच्या कचेऱ्यांत काम करणारा तरुण नांदेडचा, नागपूरचा, कोल्हापूरचा किंवा परप्रांतींचा. एरवीं शनिवारीं-रविवारीं हाच तिकीट काढणारा. दिवाळीच्या आधीं चार दिवस तो स्वारगेटच्या स्थानकावर नाहीं तर पुणें स्टेशनवर सामान घेऊन उभा असतो. ज्या हिंजवडीच्या रस्त्यावर वाहनें तासन्‌तास खोळंबतात, त्या रस्त्यावर त्या दिवसांत शुकशुकाट असतो. जे मागें राहतात ते आमच्यासारखे स्थानिक. आणि त्यांचीं घरें त्याच वेळीं माहेरवाशिणींनीं आणि पाहुण्यांनीं भरलेलीं असतात. बाहेरचा गेला, घरचा गुंतला. अशा ठिकाणीं सणाची सुट्टी मैदानास दोहों बाजूंनीं तोट्याची.

याच्या उलट चित्र पाहावयाचें असेल तर वाचकांनीं चैत्रांत आमच्या तालुक्यांत यावें. मुंबईच्या डबेवाल्यांत मुळशी, मावळ व खेड या भागांतील पुष्कळ मंडळी आहेत, हें सर्वांस माहीत आहे. दर वर्षीं गांवच्या जत्रांसाठीं ते कांहीं दिवस काम बंद ठेवून गांवीं येतात. मुंबईच्या कचेऱ्यांना तितके दिवस डबा मिळत नाहीं, आणि त्याची सूचना आधीं वर्तमानपत्रांत येते. जत्रेत रात्रीं पालखी व छबिना, आणि दुसऱ्या दिवशीं दुपार कलली कीं कुस्त्यांचा आखाडा. त्या आखाड्याभोंवतीं जी गर्दी जमते ती तिकिटाची नव्हे, जाहिरातीची नव्हे. तेथें लढणारा पैलवान कोणाचा तरी भाचा असतो आणि हलगी वाजविणारा कोणाचा तरी वर्गबंधु. सुट्टीनें मनुष्यास घरीं आणलें, आणि आखाडा घराचाच एक भाग म्हणून तो आखाड्यावर आला. मनुष्यें तींच, सुट्टीही तशीच. फरक इतकाच कीं सुट्टी त्यांस मैदानाकडे घेऊन येते, मैदानापासून दूर नेत नाहीं.

कुस्तीचें ठीक, पण फुटबॉलचें काय, असें कोणी म्हणेल. त्यास आम्ही कोल्हापूर दाखवूं. आमची थोरली कन्या कोल्हापुरास दिली आहे, त्यामुळें तेथील शाहू स्टेडियमची गर्दी आम्हीं डोळ्यांनीं पाहिली आहे. कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशन ही संस्था १९४० सालापासून आहे. तेथील संघांचीं नांवेंच पाहा : पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम. कुस्तीच्या तालमींनींच फुटबॉल आपलासा केला. दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो तो उन्हाळ्यापर्यंत चालतो. आमच्या व्याह्यांच्या घरांतील एक तरुण पुण्यास नोकरीस आहे. सुट्टींत तो घरीं आला म्हणजे पिशवी खुंटीला अडकवितो, आईच्या हातचा चहा घेतो आणि पायींच मैदानावर जातो. पेठ जवळ, मैदान जवळ. मुलगा कोठें आहे हें आईला न सांगतां कळतें. परत यावयास उशीर होत नाहीं, म्हणून घराचाही खोळंबा होत नाहीं.

अर्थात् तेथेंही भरती-ओहोटी आहे. परीक्षांचे दिवस आले कीं शाळकरी मुलें कमी होतात. रंगपंचमीस गांव रस्त्यावर असतें. चैत्री पौर्णिमेस जोतिबाच्या डोंगरावर लाखों यात्रेकरू जमतात, तेव्हां भाविकही डोंगरावर आणि बंदोबस्ताचे पोलीसही डोंगरावर. अशा वेळीं मोठा सामना ठेवण्यांत शहाणपण नाहीं. प्रेक्षकांची संख्या केवळ हौसेवर अवलंबून नसते. पोलीस, वाहन, ऊन आणि परीक्षा हे चार अदृश्य द्वारपाल प्रत्येक मैदानाच्या दाराशीं उभे असतात.

विलायतेंतही हाच न्याय दिसतो. इंग्लंडांत नाताळच्या दुसऱ्या दिवशीं, म्हणजे २६ डिसेंबरला, फुटबॉलचे सामने भरविण्याची जुनी चाल आहे, आणि त्या दिवशीं बापलेकांनीं मिळून मैदानावर जाणें हा कित्येक घरांचा कुळाचारच होऊन बसला आहे. पूर्वी तेथें प्रत्यक्ष नाताळच्या दिवशींही सामने होत. ते पुष्कळदां सकाळीं अकराच्या सुमारास सुरू करीत; हेतु हा कीं, खेळणारा व पाहणारा दोघेही सणाच्या जेवणास घरीं पोंचावे. पुढें त्या दिवशीं गाड्या चालेनाशा झाल्या, लोकांस घरींच राहणें बरें वाटूं लागलें, आणि १९५७ नंतर नाताळच्या दिवशींचें सामन्यांचें पूर्ण वेळापत्रक तेथें पुन्हां लागलें नाहीं. दुसऱ्या दिवसाची चाल मात्र टिकली. पहिला दिवस घराचा, दुसरा मैदानाचा, अशी ही वांटणी झाली.

स्कॉटलंडांत नाताळास १९५८ पर्यंत सार्वजनिक सुट्टीही नव्हती. तेथील लोकांचा मोठा सण म्हणजे नववर्ष. ग्लासगो शहरांतील रेंजर्स व सेल्टिक या दोन संघांचा सामना नववर्षाच्या दिवसांत भरत असे. २ जानेवारी १९३९ रोजीं आयब्रॉक्स मैदानावर १,१८,५६७ प्रेक्षक जमले. त्याच मैदानावर, त्याच सामन्याच्या वेळीं, २ जानेवारी १९७१ रोजीं बाहेर पडतांना जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन ६६ माणसें दगावलीं. सणासाठीं घरीं आलेलीं मुलें पुन्हां घरीं पोंचलीं नाहींत. गर्दीचे आंकडे छातीठोकपणें सांगणाऱ्या चालकांनीं हा दुसरा आंकडाही जवळ ठेवावा. सणाची गर्दी जमविणें सोपें. ती सुखरूप परत पाठविणें हें खरें काम.

येथवर आम्हीं दुसऱ्यांच्या घरांविषयीं लिहिलें. आतां स्वतःच्या घरांत डोकावणें भाग आहे.

२०१४ सालीं आमचा थोरला नातू अकरा वर्षांचा होता. बालेवाडीचा एक सामना पाहण्यास नेण्याचें आम्हीं त्यास वचन दिलें होतें. सामना दिवाळीच्या दिवसांतला. घरीं दोघी लेकी मुलांबाळांसह आलेल्या, जांवई आलेले, दुपारची पंगत मोठी. पौडाहून घोटवडें, माण, हिंजवडी अशा वाटेनें जाऊन रात्रीं परत येणें कांहीं अशक्य नव्हतें. परंतु नातू कपडे करून ओसरीवर आला तेव्हां आम्हीं म्हटलें, "सण टाकून खेळ कसला ? घर माणसांनीं भरलें आहे. पुढच्या वर्षीं पाहूं." तो रडला नाहीं. आंत जाऊन सदरा बदलून आला आणि पानें मांडूं लागला. पुढच्या वर्षींही दिवाळी आलीच, आणि त्याच्या पुढच्या वर्षींही. त्यानें फिरून विचारलें नाहीं, आणि आम्हांसही स्मरण राहिलें नाहीं. २०१९ सालीं तो संघच बंद झाला. स्पर्धेंतील त्याची जागा हैदराबादच्या संघानें घेतली. मैदान जागच्या जागीं आहे, पण दाखवावयाचें तें राहून गेलें. तो नातू आतां बंगळूरास नोकरीस आहे व दिवाळीस दोन दिवस येतो.

धाकट्याच्या प्रश्नानंतर ही हकीगत आमच्या मनांत घोळत होती. एके रात्रीं आम्हीं ती आमच्या कुटुंबास बोलून दाखविली आणि सांगितलें कीं, त्या दिवशीं घराचा खोळंबा होऊं नये म्हणून आम्हीं मुलाचें मन मोडलें. त्यावर त्यांनीं हातांतील वात वळतां वळतां शांतपणें उत्तर दिलें, "अहो, पंगत तासभर आधीं बसविली असती. तेव्हांही बसविली असती. तुम्हीं विचारलें कुठें ?" आणि थोडें थांबून म्हणाल्या, "आणि येतां का, असें आम्हांला तरी कोणी विचारलें ?"

यावर आम्हांस बोलतां आलें नाहीं. घराचा हक्क पहिला असें आम्हीं वर लिहिलें, तें खरेंच आहे. परंतु घराच्या नांवानें बोलण्याचा मक्ता आम्हीं आपल्याकडे घेतला होता. ज्यांच्या हातांत चूल होती त्यांना विचारलेंच नव्हतें. मैदानावर किती लोक आले हें मोजणारे पुष्कळ आहेत. कोण येऊं शकलें असतें आणि कोणास कोणी विचारलें नाहीं, हें मोजण्यास कोणी बसत नाहीं.

तेव्हां आमच्या धाकट्या नातवास उत्तर असें : बाळ, त्या रिकाम्या खुर्च्यांचीं माणसें आपापल्या गांवीं गेलीं आहेत, किंवा कोणाच्या तरी पंगतींत अडकलीं आहेत. सामने भरविणाऱ्यांनीं सणाच्या ऐन दिवशीं मैदान न मांडतां दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं मांडावें. शेजारच्याच गांवांचे संघ एकमेकांसमोर आणावे. रात्रीं परत जाण्यास गाडी ठेवावी. आणि बायकांना व वृद्धांना बसण्याची व इतर सोय नीट करावी. तितकें केलें तर पुष्कळ खुर्च्या भरतील. परंतु उरलेलें काम घरांतील वडिलांचें आहे. सणाची यादी करतांना कोण येणार हें जसें विचारतों, तसें कोणास कोठें जावयाचें आहे हेंही विचारावें. पंगत तासभर पुढेंमागें झाल्यानें सण बाटत नाहीं.

यंदा थोरला दोन दिवस येणार आहे. गांवांतील पुण्या-मुंबईहून आलेलीं मुलें आणि गांवांतच राहणारीं मुलें यांचा सामना पाडव्याच्या दुसऱ्या दिवशीं सकाळीं शाळेच्या मैदानावर ठरला आहे, असें कळतें. आम्ही जाणार आहों. आमच्या घरांतील सर्व मंडळी जाणार आहेत. जेवण त्या दिवशीं दोन वाजतां.