वजनाआधी मनाचं बघूया

पालकसभा संपली की काही आया वर्गाच्या दारात रेंगाळतात. मुलाच्या पाढ्यांवरून सुरू झालेलं बोलणं हळूहळू गुडघेदुखीवर येतं. "मॅडम, चाळिशी उलटली, आता कसलं वजन उतरतंय!" तुम्हीही हे ऐकलं असेल, कदाचित स्वतःच म्हटलं असेल.

काय खावं, किती चालावं हे या सगळ्यांना पाठ असतं. माझ्या मते अडतं ते मनात.

सोमवारपासून चालायचं ठरतं. गुरुवारी पाहुणे येतात, चालणं बुडतं, वर दोन पुरणपोळ्या होतात. "बिघडलंच आहे, तर आता राहू दे!" माझ्या वर्गात एक गणित चुकलं की अख्खं पान फाडणारी मुलं आहेत. त्यांना आपण म्हणतो, "अरे, तेवढंच खोड आणि पुढचं सोडव." मग स्वतःचं पान का फाडायचं?

त्यात भर त्या दहा हजार पावलांची. हा आकडा १९६० च्या दशकात जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून पसरला. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, आणि एका दमात किमान दहा मिनिटं हवीत ही जुनी अट २०२० मध्ये तिने काढून टाकली. म्हणजे बाजारापर्यंत भरभर चालत गेलात तर तेही धरा.

पाळी जायच्या वयात इस्ट्रोजेन कमी होतं, चरबी पोटाकडे साठते, स्नायू घटतात. काटा हलत नाही, आणि ती स्वतःलाच आळशी ठरवते. त्यापेक्षा जिना चढताना धाप कमी लागते का, हे बघावं. हळदीकुंकवाला "किती सुटलीस गं!" म्हणणाऱ्या आपणच असतो (शेजारी उभ्या मुलीही ते ऐकतात). टोमण्याने कुणी धावायला लागलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

सगळ्यात चिवट तो अपराधीपणा. मुलांनी टाकलेली अर्धी पोळी, पातेल्यातला मूठभर भात, 'टाकायचं कसं' म्हणून तिच्याच पोटात. फिरायला गेली तर घरात कुणी काही बोलत नाही, तरी तिला चोरी केल्यासारखं वाटतं. माझी आई फिरायला निघताना हातात दुधाची किटली घ्यायची, काहीतरी काम दिसावं म्हणून. परवा लक्षात आलं, मीही भाजीची पिशवी घेऊनच निघते.

पुढच्या पालकसभेत वडिलांना एकच विचारणार आहे: आठवड्यातल्या कुठल्या तीन संध्याकाळी कुकर तुम्ही लावाल?