धुके नव्हे, धुरके!

शिखर शिंगणापूरच्या डोंगरावरून दूरच्या रांगा पुसट दिसल्या की, ‘धुके आहे’ म्हणून विषय संपतो. पण ऊन चढले की धुके विरते, धुरके राहते. जाळलेले पाचट, वणवे, वाहने, खडी क्रशर यांतून उठणारे सूक्ष्म कण प्रकाश विखुरतात. वाऱ्याबरोबर ते माणची शीव ओलांडतात, तसे अभयारण्याचीही. २०१९चा राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम मात्र शहरांपुरता. त्यात सांगली आहे. कोयना-चांदोलीचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प नाही. अमेरिकेत १९९९च्या नियमानुसार १५६ राष्ट्रीय उद्याने आणि वनक्षेत्रांत दृश्यमानता सुधारणे राज्यांना बंधनकारक आहे. आपणही जंगलातली हवा मोजायला हवी. तोवर पाचट न जाळता शेतातच कुजवणे शेतकऱ्याच्या हाती आहे. क्रशरची धूळ रोखणे प्रशासनाच्या.